खोटी कळ

माझी कळ खोटी होती, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत आलेय. कुणी ऐकलं नाही. त्या खोट्या कळेवर लोकांनी यंत्रं बांधली, डॉक्टर घडवले आणि शेवटी तीच कळ माप म्हणून वापरून खऱ्या आजाऱ्यांना बाकड्यावर बसवायला लागले. तेव्हा आता मला शांत व्हा असं कुणी सांगू नये. शांत बाईचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी हेमलता चौगुले. सांगलीत हौशी रंगभूमीवर उभी हयात काढली. टाळ्या मिळाल्या, पोट भरलं नाही. म्हणून मेडिकल कॉलेजात 'रुग्ण' व्हायचं काम धरलं. हसू नका, असं काम असतं. डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांना एकदम खऱ्या आजाऱ्यासमोर उभं करत नाहीत. आजाऱ्याला काय विचारायचं, कुठल्या क्रमानं, नाडी कशी धरायची, पोटावर हात कसा ठेवायचा, याचा आधी सराव असतो. त्या सरावातली आजारी बाई म्हणजे मी. कधी मला अपेंडिक्स, कधी दमा, कधी नवऱ्याच्या माराचे वळ लपवायचे असायचे. नेमका प्रश्न आला तरच नेमकं उत्तर द्यायचं, नाहीतर गप्प बसायचं. एखाद्या पोरानं गारठलेला हात पोटावर ठेवला की मी आजारपण बाजूला ठेवून सुनवायचे, "आधी हात चोळ. बाई आहे ही, फरशी नाही." पोरं घाबरायची, पण शिकायची. मला ते काम मनापासून आवडायचं.

मग पुण्याहून एक कंपनी आली. विराज नावाचा तरुण तिचा प्रमुख. बोलायला गोड, ऐकायला बहिरा. त्यानं मला हालचाल टिपणाऱ्या सेन्सरच्या टिकल्या अंगभर चिकटवल्या, तोंडाभोवती कॅमेरे लावले आणि कॉलेजातल्या सगळ्या केसेस एकेक करून करायला सांगितल्या. कल्पना सोपी होती. दुखताना चेहऱ्याचा कुठला स्नायू किती ओढला जातो, आवाज कुठं कापतो, श्वास कसा तुटतो, हात कुठं जातो, हे सगळं यंत्र टिपून घेणार. मग रबरी कातडीच्या एका बाहुल्यात ते भरणार. बाहुला बोलणार, कण्हणार, त्याची नाडी लागणार. माझ्या एका अभिनयावरून यंत्र हजारो आजारी तयार करणार. कुणी म्हातारा, कुणी पोरसवदा, तोंडं निराळी, पण कळ माझी. त्याचं नाव ठेवलं 'प्रतिरुग्ण'. त्याला पगार नको, त्याला चहा नको आणि तो पोरांना सुनावत नाही.

केस अकरा हृदयविकाराच्या झटक्याची होती. मी आधी केली ती माझ्या मावशीची आठवण ठेवून. मावशी गेली तेव्हा ती नुसती बसून होती. कपाळाला घाम, जबड्यापाशी हात, तोंडानं 'पित्त झालंय' एवढंच. मी तशीच बसले.

विराज पडद्यामागून म्हणाला, "मॅडम, काही दिसतच नाहीये. सेन्सर काही पकडत नाहीत."

"दिसत नाही हेच तर खरं आहे," मी म्हणाले. "बायकांना पुष्कळदा असंच होतं. तुमच्या डॉक्टरांनाच विचारा."

"ते आपण पुढच्या आवृत्तीत घेऊ. आत्ता छातीवर मूठ, डावा खांदा, श्वास. आणि जरा मोठं करा."

मोठं करणं मला कुणी शिकवायला नको. थिएटरच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळलं पाहिजे, असं करत मी वाढले. मी केलं. विराजनं टाळ्या वाजवल्या. पुढची आवृत्ती आलीच नाही, कारण पहिलीच इतकी खपली की ती बदलायची कुणाला गरज वाटली नाही. मला नारळ दिला. कॉलेजात वॉर्डमधला सरावही कमी झाला. बाहुल्यावर मार्क मिळतात, मग खऱ्या आजाऱ्यापाशी कोण जाणार?

इथवर तरी मी नशिबाला बोल लावून गप्प बसले असते. पण कंपनीनं पुढचं पाऊल टाकलं. मोठ्या दवाखान्यांत गर्दी फार, डॉक्टर थोडे. कोण आधी आणि कोण नंतर हे ठरवायला त्यांनी एक खुर्ची काढली, 'पारख' नावाची. आजाऱ्यानं खुर्चीत बसायचं. खुर्ची त्याचा चेहरा वाचते, आवाज ऐकते, श्वास मोजते, मनगटाच्या पट्टीनं नाडी आणि हृदयाचा एक ओझरता आलेख घेते, आणि रंग दाखवते. तांबडा म्हणजे लगेच आत, पिवळा म्हणजे थोड्या वेळानं, हिरवा म्हणजे बाकडं. आता या खुर्चीला कळ ओळखायला कशी शिकवली? खऱ्या आजाऱ्यांची चित्रं मिळणं अवघड. माणसं परवानगी देत नाहीत, आणि कुणाला नक्की काय झालं होतं हे पुष्कळदा शेवटपर्यंत कळत नाही. कंपनीकडं मात्र हजारो सुबक आजारी तयार होते, प्रत्येकाच्या कपाळी रोगाचं नाव लिहिलेलं. तेच प्रतिरुग्ण खुर्चीसमोर बसवले. म्हणजे खुर्चीनं जी खरी कळ म्हणून पाठ केली ती माझी. मनगटावरचा तो एक आलेखही हृदयाच्या एकाच बाजूनं बघतो. खालच्या भागाला झटका आला तर तो त्यात दिसेलच असं नाही. त्यासाठी छातीवर आणि हातापायांना तारा लावून पूर्ण ईसीजी काढावा लागतो. तो कुणाचा आधी काढायचा, हे खुर्ची ठरवणार.

मालनआक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. राहायला तासगावकडं. तिथल्या बेदाण्याच्या शेडवर बायका दिवसभर मांडी घालून बेदाणे निवडतात, त्यांची ती मुकादम. चष्म्याचा नंबर बदलायला ती आमच्याकडं आली होती. सकाळी भाकरी अर्धी टाकून उठली. जी बाई ताटात कण ठेवत नाही, तिनं भाकरी टाकली, म्हणून मी तिच्याकडं नीट पाहिलं. थंडीचे दिवस असून पोलक्याची पाठ भिजली होती.

"काय होतंय आक्का?"

"काय न्हाई. पित्त झालंय. सोडा हाय का घरात?"

"जबड्यावर हात का ठेवलाय?"

"दाढ आवळल्यागत झालीया. बस तू, उगं गलका करू नगंस."

मला मावशी आठवली. नवरा कामावर गेला होता. मी रिक्षा बोलावली आणि आक्काला सोड्याच्या आशेवर खाली उतरवलं. दवाखान्यात दारातच आक्काच्या नावाचं एक टोकन दिलं, आणि पुढं हॉलमध्ये पारखच्या खुर्च्यांची रांग. तिथं आता माणूस विचारपूस करत नाही. आक्का खुर्चीत बसली ती डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून.

"चेहरा मोकळा ठेवा," खुर्ची म्हणाली. "वेदना एक ते दहा या आकड्यांत सांगा."

"हाय की थोडी."

"कृपया आकडा सांगा."

आक्कानं माझ्याकडं बघितलं, मग समोरच्या रांगेतल्या पुरुषांकडं. "दोन लिव्हा. कशाला उगंच."

खुर्चीच्या माथ्यावर हिरवा दिवा लागला.

मी नोंदणीच्या खिडकीतल्या माणसाकडं धावले. त्याला सांगितलं की ही बाई मरेल, हिचा पूर्ण ईसीजी काढा. त्यानं मान वर न करता सांगितलं की हिरवा आहे, नंबर लागेल. मी म्हटलं, तुमच्या पारखला कळत नाही. तो म्हणाला, पारखला सगळं कळतं. मी म्हटलं, तिला शिकवलंय कुणी ठाऊक आहे का, मी! तो हसला आणि शेजाऱ्याला म्हणाला, डोक्याच्या विभागात पाठवायची केस दिसतेय. त्याच्या थोबाडीत द्यायला माझा हात शिवशिवला, पण तेवढा वेळ नव्हता.

मी बाकड्यावर आक्कापाशी बसले. "आक्का, पुन्हा खुर्चीत बसा आणि ओरडा. छाती धरून ओरडा."

"येवढ्या बाप्यांत?" तिचे ओठ पांढरे पडले होते. "हेमे, दोन बाळंतपणं झाली, उंबऱ्याभायेर आवाज गेला न्हाई माझा. सासू सगळ्या गावाला सांगायची."

सांगायचीच. आमच्याकडं बाईचं कौतुक कशाचं, तर तिनं तोंडातून आवाज काढला नाही याचं. सासूनं कौतुक केलं, नवऱ्यानं केलं, शेडच्या मालकानं केलं, आणि त्या कौतुकापायी ही बाई आता बाकड्यावर बसल्या बसल्या मरायला निघाली होती, अब्रू सांभाळून. मला त्या क्षणी विराजचा जेवढा राग आला तेवढाच त्या मेलेल्या सासूचा आला, आणि खरं सांगायचं तर आक्काचाही आला.

मी उठले आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले. आजाऱ्याबरोबरच्या माणसाला वेगळं टोकन देत नाहीत, म्हणून आक्काचंच टोकन मी खुर्चीला दाखवलं. छातीवर मूठ दाबली. डावा खांदा वर ओढला. श्वास अर्ध्यात तोडला आणि आवाज असा काढला की हॉलमधली लहान मुलं रडायला लागली. खुर्चीनं मला क्षणात ओळखलं. तांबडा दिवा लागला, घंटा वाजली, आतून स्ट्रेचर धावत आलं.

स्ट्रेचरबरोबर एक तरुण डॉक्टर होता. छातीवर नाव होतं, निनाद पाटोळे. तो माझ्यावर वाकला आणि थबकला. तोंडाचा रंगच बदलला त्याच्या.

"केस अकरा," तो हळूच म्हणाला. "मूठ, खांदा, श्वास, आणि उजवी टाच जमिनीवर घासायची. तुम्ही... मी तुम्हाला तीन वर्षं तपासलंय."

"टाच?" मी उठून बसले. "ती त्या दिवशी माझ्या पायात वायर अडकली होती म्हणून घासली मी."

"परीक्षेत तिला मार्क होते," तो म्हणाला. "टाच घासते का ते बघा, असं पाठ केलंय आम्ही." मग त्याला भान आलं. "मॅडम, तुम्हाला काहीही झालेलं नाही. खुर्चीला फसवणं गुन्हा आहे."

"आहे ना. मग नंतर पोलीस बोलव. आधी त्या बाईकडं बघ."

तो आक्कासमोर उभा राहिला. "मावशी, छातीत दुखतंय का?"

"न्हाई."

"हाताला कळ जाते का?"

"न्हाई बा."

त्यानं बाकड्यावरच्या हिरव्या पाटीकडं पाहिलं. हुशार पोरगा, पहिल्या पाचांतला असणार. त्याचा प्रत्येक प्रश्न बरोबर होता आणि त्यातल्या एकालाही आक्काकडं उत्तर नव्हतं, कारण ते प्रश्न माझ्यासाठी केले होते.

"असं उभ्यानं नको विचारू," मी म्हणाले. "टेक तिच्याशेजारी. तिला म्हण, पित्त झालंय म्हणजे काय होतंय ते सांगा. दुखतंय का असं विचारूच नको, ती जन्मात हो म्हणणार नाही."

तो घुटमळला. स्ट्रेचरवाले बघत होते. मग तो टेकला, आणि आपणहून दोन्ही हात एकमेकांवर चोळून तिचं मनगट हातात घेतलं. "मावशी, पित्त झालंय म्हणता, म्हणजे नक्की कसं वाटतंय?"

"जीव कसानुसा व्हतोय, दादा." आक्का पहिल्यांदाच त्याच्याकडं बघून बोलली. "आतनं कुनीतरी पिळल्यागत. दाढंपातूर येतंय. पाठ भिजलीया बघ."

"काम करताना असं आधी कधी झालं होतं?"

"चार दिस व्हतंय की. जिना चढलं की व्हतंय, बसलं की जातंय. आज बसूनबी जाईना."

निनादनं तिच्या पोलक्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात काढून त्यानं स्वतःच्या ओल्या तळव्याकडं पाहिलं, आणि ओरडला तो असा की माझी सगळी कारकीर्द फिकी पडावी. "स्ट्रेचर इकडं! हिला घ्या!"

"हिरवी आहे डॉक्टर," स्ट्रेचरवाला म्हणाला.

"मला दिसतंय."

पूर्ण ईसीजीत झटका स्पष्ट होता, हृदयाच्या खालच्या भागाला. आक्काला आत घेतलं, मनगटाच्या धमनीतून नळी घालून गुठळी काढली, स्टेंट बसवला. आणखी थोडा उशीर झाला असता तर तिला बाकड्यावरून मेलेलीच उचलावी लागली असती, असं मोठ्या डॉक्टरांनी निनादला सांगितलं आणि निनादनं मला. मी तिथल्या पायरीवर बसून रडले. आनंदानं नाही, संतापानं. आक्का वाचली ती मी नटी होते म्हणून. तिच्या शेजारच्या बाकड्यावर हिरव्या दिव्याची आणखी एक बाई पदर तोंडाला लावून बसली होती. तिची भावजय नटी नव्हती. मी निनादला तिच्याकडं पाठवलं. तिला खरंच पित्त झालं होतं. पण ते विचारल्यावर कळलं.

आक्का घरी आल्यावर विराजचा फोन आला. इतक्या वर्षांनी, आणि आवाज तसाच मधाळ.

"मॅडम, अभिनंदन. तुमच्या केस अकराला खरा पुरावा मिळाला. टोकनवर तांबडा दिवा, आणि त्याच टोकनवर सिद्ध झालेला झटका. सिद्ध केसला यंत्र फार वजन देतं. आता सगळ्या खुर्च्या तुमची केस आणखी पक्की धरतील."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. टोकन एक, बसणाऱ्या दोघी. यंत्रानं ओरडणारीचा चेहरा घेतला आणि त्याच्यापुढं गप्प बसणारीचा रोग लिहिला. आक्काचा चेहरा, तो घाम, ती जबड्यावरची बोटं, 'दोन लिव्हा' म्हणणारा तो आवाज, सगळं खुर्चीत साठलं होतं, आणि त्याच्यापुढं लिहिलं होतं: आजार नाही. मी एक बाई वाचवली होती आणि तिच्यासारख्या सगळ्यांच्या तोंडावर दार आणखी घट्ट लावलं होतं.

"ते चुकीचं आहे," मी म्हणाले. "मी नाटक केलं. झटका दुसरीला आला होता. उलटून घ्या."

"उलटता येईल. पण त्यासाठी तुम्हाला खुर्चीची दिशाभूल केली असं कबूल करावं लागेल. मग नियमाप्रमाणे तुमच्या चेहऱ्यावर शेरा पडतो, अविश्वसनीय. दोन वर्षं. त्या काळात तुम्ही कुठल्याही खुर्चीत बसलात तरी ती हिरवाच दाखवणार. तुमचं वय बघता मी म्हणेन, राहू द्या. तसंही हजारोंमध्ये एका केसनं काय फरक पडतो?"

"एका बाईनंच तर हे सगळं भरलंय," मी म्हणाले. "तेव्हा एक पुरली तुम्हाला."

घरात भांडण झालं. नवरा म्हणाला, तुला रक्तदाब, तुझ्या आईला हृदयविकार, उद्या तुला झालं तर? त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मलाही भीती वाटत होती, आजही वाटते. रात्री छातीत साधा वात धरला तरी मी उठून बसते, आणि माझ्या मनात येतं की या बाईची कळ आता कुणी खरी धरणार नाही. जन्मभर लोकांना खोटी कळ खरी वाटायला लावली, आणि आता हे. आक्कानं दोघांचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "माजं त्वांड हाय न्हवं त्यात? मग माज्या त्वांडाम्होरं खोटं ऱ्हायला नगं." मी कबूल केलं. निनादनंही स्वतःहून जाऊन सांगितलं की हिरव्या दिव्यावर मी आजारी आत घेतली. त्याची चौकशी अजून चालू आहे. दोन्ही चेहऱ्यांपुढच्या नोंदी उलटल्या. आक्का आता यंत्रात आहे, माझ्या हजारो खोट्या तोंडांमध्ये एकटीच खरी.

तेवढ्यावर मी थांबणार नव्हते. मी कॉलेजात गेले. ज्यांनी मला नारळ दिला होता त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं की पगार नको, खोली द्या. कुणी हो म्हणालं नाही, पण निनादनं सरावाच्या खोलीची किल्ली आणली. आत पलंगावर माझा बाहुला छाती धरून कण्हत होता, टाच घासत होता, आणि पोरं त्याच्याभोवती उभी राहून लक्षणं टिपत होती. मी त्याची वायर उपटली. त्याला ओढून भिंतीकडं तोंड करून बसवला आणि पलंगावर आक्काला बसवलं. ती पदर सारखा करून बसली, शेडवर बसते तशी.

पुढच्या एका मुलीला मी खूण केली. ती आली, स्टुलावर बसली, नाव सांगितलं, अदबीनं विचारलं, "मावशी, काय त्रास होतोय?"

"काय न्हाई गं बाळा," आक्का म्हणाली. "बरी हाय मी."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं, मग पेन मिटलं आणि उठायला लागली. "मॅडम, त्यांना काहीच होत नाहीये."

"बस खाली," मी म्हणाले.